कॉलरच्या आतला नंबर

मागच्या महिन्यात ठाण्याच्या एका हॉलमध्ये मी पंचवीस जणांना जिलबी वाढली. लग्न मेव्हणीच्या मुलीचं, म्हणजे तसं घरचंच कार्य. वाढण्यात कमीपणा काहीच नव्हता. फक्त मला वाढायला कोणी सांगितलेलं नव्हतं. झालं असं, की मी हौसेनं मरून रंगाचा कुर्ता आणि त्यावर मोतिया जाकीट घालून गेलेलो, आणि केटररनंही आपल्या माणसांना तितक्याच हौसेनं तेच घातलेलं. पंगतीच्या कडेला मी हात मागे बांधून उभा होतो. एक आजोबा म्हणाले, "अहो, इकडे जिलबी." मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. 'नाही' म्हणायची मला लहानपणापासून सवय नाही. ताट उचललं आणि निघालो. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी "मठ्ठा कधी येणार?" म्हणून दरडावलं, तेव्हा मी "आणतो हं" असंही म्हणालो. सव्विसावं पान बायकोचं होतं. तिनं मान वर न करता "नको" म्हटलं आणि मग मान वर केली.

मला वाटलं, हसेल. ती जिलबीकडे बघत राहिली, मग कुर्त्याकडे, आणि म्हणाली, "नाना बरोबर असते तर हा कुर्ता दुकानातच राहिला असता."

नानांचं नाव निघालं की मी विषय बदलतो. त्या दिवशी हातात ताट होतं, म्हणून नुसताच पुढे सरकलो.

नाना म्हणजे आमच्या ऑफिसातले नाना. खरं नाव सांगत नाही. त्यांनी झाकून ठेवलेलं मी एकदा चारचौघांत वाचून दाखवलंय, तेवढं एका जन्माला पुरे.

नौपाड्यात डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या वर आर्किटेक्टचं ऑफिस होतं. मी तिथे नकाशे काढायचो. नाना फायली सांभाळायचे आणि पालिकेत खेपा घालायचे. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी हात मिळवला तो थेट माझ्या बाहीशी. दोन बोटांत कापड धरलं, चोळलं आणि म्हणाले, "टेरिकॉट. टेरी जरा जास्त झालंय. घाम येत असेल, राजे." येत होता. तेव्हापासून त्यांच्यासाठी मी राजे झालो, आणि ऑफिसातल्या बाकीच्यांसाठीही. माझ्या एकूण अवताराकडे बघता ही पदवी चेष्टेचीच असणार, पण नानांच्या तोंडी तिला कधी चेष्टेचा वास आला नाही.

कापडाचं हे ज्ञान कल्याणजवळच्या मोहन्याचं. तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात ते बावीस वर्षं सूत तपासायला होते. बावीस वर्षं खाकी युनिफॉर्म. नोकरी सुटल्यावरची पहिली सकाळ ते फार छान सांगायचे. "आंघोळ करून कपाट उघडलं, राजे, तर आत कोणीच नव्हतं. शर्ट होते दहा-बारा. मेव्हण्याने दिलेले, सासऱ्यांनी दिलेले, दिवाळीला हिने आणलेले. पण त्यातला मी कुठला? बनियनवर अर्धा तास उभा. शेवटी खाकीच घातली आणि भाजी आणायला गेलो." त्याच संध्याकाळी त्यांनी दोनशे पानी वही आणली. मी कोण ते शोधून काढायचं, म्हणाले, सूत तपासायचो तसं, रोजच्या रोज.

पद्धत अशी. प्रत्येक शर्टाला नंबर. धोबी करतो तशी कॉलरच्या आत काळ्या शाईची खूण. वहीत रोज एक ओळ: वार, शर्टाचा नंबर, कुठे गेलो, कसं वाटलं. यातला शेवटचा रकाना त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. दुपारी डबा खाल्ला की वहीचा रबर बँड मनगटात अडकवायचे आणि दाताखाली बडीशेप चावत ती ओळ लिहायचे. मग वही मिटून वर पेपरवेट. वर्ष संपलं की निकाल. वर्षभरात एकदाही अंगावर न चढलेला शर्ट नापास. त्याची रवानगी दुसऱ्या कोणाकडे तरी, आणि त्याचा नंबर नव्या शर्टाला. "त्याची चूक नसते," नाना सांगायचे, "त्याला चुकीच्या घरी दिलेलं असतं."

या वहीतून त्यांना स्वतःबद्दल बरंच कळलं होतं. तेवीस शर्टांतले आपण नऊच घालतो. चौकडीचा घातला की नातेवाइकांशी वाद होत नाहीत. आणि सगळ्यात मोठा शोध तपकिरीचा. "तीन वर्षांत तीन तपकिरी शर्ट घेतले मी. एकही दुसऱ्यांदा घातला नाही. म्हणजे दुकानात जाणारा मी वेगळाच कोणीतरी आहे. त्याला ओळखून असावं." त्या दुसऱ्या इसमाला आवर घालायला त्यांनी नियम केला होता. दुकानात जायचं, कापड हाताळायचं, पाणी प्यायचं आणि परत यायचं. आठ दिवसांनी ते कापड आठवलं तर घ्यायचं. नौपाड्यातला दुकानदार त्यांना बघितलं की विचारायचा, "नाना, घ्यायला की बघायला?"

"ओळख करून घ्यायला," नाना म्हणायचे.

त्यांचं एक वाक्य माझ्या बायकोला पाठ आहे: "कपाटात टांगलेला असतो तो आपला भ्रम. दोरीवर वाळत असतो तो आपला स्वभाव." आमच्या दोरीवर त्या काळात सिमेंट कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट आठवड्यातून चारदा वाळत असे. नानांनी मलाही महिनाभर नोंद ठेवायला लावली होती. चार दिवस ठेवली. पाचव्या दिवसापासून आठवड्याची एकदम लिहिली, अंदाजाने. नानांनी पान बघितलं आणि बुधवारवर बोट ठेवलं. "पांढरा नव्हता, राजे. निळा होता. खिशाला शाई लागली म्हणून तुम्ही दुपारी टायपिस्टबाईंकडे लिंबू मागत होतात." मी वही गुंडाळली. माझा स्वभाव काय आहे तो मला तेवढ्यात कळला होता.

बायकोला मात्र नाना पहिल्या भेटीतच पटले. आमच्या डोंबिवलीच्या जागेची वास्तुशांत होती तेव्हा ते पूर्वेच्या आपल्या घरून आमच्या पश्चिमेला चालत आले आणि मला एक शर्टपीस दिलं. राखाडी, पण त्यात लांबून न दिसणारा एक निळसर धागा. "आठ दिवस आठवत होतं," एवढंच म्हणाले. बायको म्हणाली, लगेच शिवायला टाका. मी म्हटलं, बघू. माझं 'बघू' म्हणजे माळा.

माळ्यावर आमची आहेराची बॅग असते. ती सगळ्यांचीच असते. आलेलं कापड तीत जातं, द्यायचं कापड तीतून निघतं. ठाणे ते कल्याण अशी कित्येक शर्टपीसं कात्री न बघता वर्षानुवर्षं फिरत असतील. त्यात घोटाळा होऊ नये म्हणून बायको प्रत्येक घडीला टाचणीनं चिठ्ठी लावते: कोणाकडून, कुठल्या कार्यात. आमच्या घरातला हा एकमेव कायदा, आणि तो आजवर एकदाच मोडला गेला.

नानांची साठीशांत होती. बायको कल्याणला माहेरी गेलेली. मी स्टुलावर चढलो, बॅगेत हात घातला, वरचंच एक कापड ओढलं. टाचणी बोटात गेली. आता टाचणी लावलेलं कापड एखाद्याला देणं बरं दिसत नाही, इतपत शिष्टाचार मला आहे. म्हणून टाचणी काढली, चिठ्ठी काढली, न वाचता चुरगाळून टाकली, बोट चोखलं आणि निघालो.

नानांनी घडी उलगडली. सवयीनं किनार दोन बोटांत धरली. जरा जास्तच वेळ धरली. मग म्हणाले, "निवड चांगली आहे, राजे."

मी म्हणालो, "बरेच दिवस शोधत होतो."

हे वाक्य मला अजून कुठेही आठवतं. दाढी करताना तर हमखास.

नंतर आलं नवरात्र. नवरात्रात आमच्याकडे रोजचा रंग ठरलेला असतो. एका दिवशी सगळं ठाणं पिवळं, दुसऱ्या दिवशी हिरवं. टेंभी नाक्याच्या देवीपासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळे त्या रंगात. ऑफिसातही आम्ही पाळायचो. नाना पाळायचे नाहीत. टायपिस्टबाई दरवर्षी छेडायच्या, "नाना, आज लाल!" "रंग ठरवणाऱ्याला माझा मंगळवार काय ठाऊक?" असं त्यांचं ठरलेलं उत्तर, आणि मग सगळे हसायचे, नानासुद्धा.

त्या शनिवारी रंग राखाडी होता. बाईंनी छेडलं. पण नाना नेहमीचं उत्तर देण्याऐवजी म्हणाले, "माझ्याकडे राखाडी नाही." आणि कधी नाही ते माझ्याकडे न बघता फायलीत डोकं घातलं.

थोड्या वेळाने ते खाली गेले. शनिवारी खायला आणायची पाळी त्यांची होती, आणि नवरात्राचे उपास म्हणून साबुदाणा वडे ठरले होते. ते जिन्यात पोचले असतील नसतील, मी म्हटलं, "तेवीस शर्टांत राखाडी नाही? बघूया की!" वही टेबलावरच होती. पेपरवेट मी उचललं. रबर बँड मी काढला. कोणी काढायला सांगितला नव्हता. जिलबीच्या वेळी निदान एक आजोबा तरी होते.

ऑफिसात आम्ही चौघं. मी खुर्चीवर उभा राहिलो. मला लोकांना हसवायची भारी हौस, आणि माझा आवाज चांगला आहे असं शाळेपासून म्हणतात. पान चाळत राखाडी शोधायचं सोंग करत मी नानांच्याच सुरात वाचायला लागलो.

"सोमवार. नंबर सात. पालिकेत गेलो. कोणी काही बोललं नाही. बरं वाटलं." हशा.

"रविवार. नंबर चार, पांढरा. मुलीकडे गेलो. जावई म्हणाले, बाबा, कामावर निघालात का? तिथे पुन्हा घालू नये." मोठा हशा.

"गुरुवार. नंबर बारा, फिकट पिवळा. निघताना आरशात दोनदा पाहिलं. बरा दिसलो. कोणाला सांगू नये."

याला ऑफिस कोसळलं. दुसरा ड्राफ्ट्समन टेबल बडवायला लागला. "राजे, वन्स मोर! वन्स मोर!" मी मान तिरकी केली, समोर आरसा आहे असं दाखवलं, भांग नीट केला आणि ती ओळ पुन्हा वाचली. पहिल्यापेक्षा चांगली वाचली.

मग पान उलटलं आणि राखाडी सापडलं. "सापडलं!" म्हणून ओरडलोच मी. आवाज चढवून सुरुवात केली. "नंबर एकोणीस, राखाडी. साठीला राजांकडून आलेलं. मी त्यांच्या वास्तुशांतीला दिलेलं तेच. किनारीला माझीच पेन्सिलची खूण आहे. त्यांना माहीत नसणार. कापड उत्तम आहे, शिवून घेतलं. ऑफिसात घालू नये, राजे ओशाळतील."

वाचणाऱ्याला अर्थ एक वाक्य उशिरा कळतो. 'ओशाळतील' म्हणून झाल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. कोणी हसत नव्हतं. मला वाटलं, माझी फजिती बघून गप्प झाले. मग सगळे कुठे बघतायत ते बघितलं. नाना दारात उभे होते, हातात वड्यांचा पुडा.

ते आत आले. मी खुर्चीवरून उतरलो. त्यांनी वही घेतली, मिटली, रबर बँड लावला. "आवाज चांगला आहे तुमचा, राजे," म्हणाले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सुटलो असतो. मग कागद पसरून सगळ्यांना वडे दिले. मला नेहमीसारखा जास्त तळलेला, काळपट, कडेचा. मला तसा आवडतो हे त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी टायपिस्टबाई म्हणाल्या, "तुमची पाठ होती दाराकडे, म्हणून दिसलं नाही तुम्हाला. ते वन्स मोरच्या वेळेलाच आलेले. मी खुणावत होते तुम्हाला. तुम्हाला वाटलं मी हसतेय."

सोमवारी नाना आले, वही आली नाही. मंगळवारी नाही. डबा झाल्यावर बडीशेप चावत ते खिडकीतून खाली बघत बसायचे. मी एक-दोनदा सुरुवात केली, "नाना, त्या दिवशी ते..." की ते म्हणायचे, "कुठली फाइल हवीय?" दिवाळीनंतर ते नवा शर्ट घालून आले. तपकिरी होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, आणि मी मुकाट्याने नकाशात डोकं घातलं. गुढीपाडव्याला त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून नोकरी सोडली.

याला सहा वर्षं झाली. हा किस्सा मी बायकोला त्याच आठवड्यात सांगितला होता, वन्स मोरसकट, कारण अर्धा किस्सा मला सांगता येत नाही. नंतरही अधूनमधून सांगत आलो. शेवटी दरवेळी म्हणतो, "एक पान आधी थांबलो असतो तर!" ती भांडी आवरायला उठते. आणि मी कधी नानांकडे गेलो नाही. पश्चिमेहून पूर्वेला जायला पुलावरून वीस मिनिटं लागतात.

जिलबीच्या प्रकारानंतरच्या रविवारी सकाळी बायको साडी नेसून समोर उभी राहिली. "उठा. नानांकडे जाऊन येऊ."

"आज? अगं, कळवलं नाही काही."

"सहा वर्षं कळवताय."

मी कपाट उघडलं आणि बनियनवर तसाच उभा राहिलो. शेवटी तिनेच एक शर्ट पुढे केला.

नाना तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार काकूंनी उघडलं. नाना गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, अंगात मुलीने धाडलेला कसलातरी फुलाफुलांचा शर्ट. "या राजे," म्हणाले, जसा काही मी कालच आलेलो. आणि त्यांच्या डोक्यावर दोरीवर एकोणीस नंबर वाळत होता. राखाडी आता दुधात पाणी पडल्यासारखा झालेला, कॉलर उलटवून घेतलेली, पण निळसर धागा अजून होता. इतका विरलेला शर्ट म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी अंगावर असणार.

बसल्याबसल्या मी जिलबीची गोष्ट सांगितली. मठ्ठ्यापर्यंत आलो तेव्हा नाना खोकला लागेपर्यंत हसले. "मरून?" डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही आणि मरून? अहो, शेवाळी घ्या, मातकट घ्या, तुमच्या चेहऱ्याला बसेल असं काहीतरी."

"लिहून ठेवा वहीत," मी चटकन म्हणून गेलो.

"वही नाही आता," नाना म्हणाले.

काकू चहा घेऊन येत होत्या. "वही नाही ना! आणि रोज सकाळी माझं डोकं खातात. काय घालू गं? खाली दूध आणायला जायचं तरी विचारतात, काय घालू? मी म्हणते, हाताला लागेल ते घाला हो. एक तो राखाडी तेवढा न विचारता घालतात."

नाना कपातला चहा बशीत ओतत राहिले. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला.

"नाना, त्या दिवशी ते एकोणीस नंबरचं पान... मी वाचायला नको होतं. आणि ते कापड. चिठ्ठी न बघता दिलं मी. वर खोटं बोललो, शोधत होतो म्हणून. फार ओशाळं वाटतं हो त्याचं."

"अहो, कापडाचं काय घेऊन बसलात!" नाना हसले. दोरीवरच्या शर्टाची बाही त्यांनी दोन बोटांत धरली. "कापड फिरतंच. फिरत फिरत योग्य घरी आलं. त्या पानाचं काही नाही, राजे. खरंच काही नाही."

सहा वर्षांचं ओझं उतरलं. मी दोन चकल्या खाल्ल्या, तिसरी हातात घेऊन निघालो. जिना उतरताना मला अगदी हलकं वाटत होतं. बहुतेक गुणगुणतही होतो. दुसऱ्या मजल्यावर वळणाशी म्हटलं, "झालं बाई एकदाचं! किती सहज घेतलं बघ त्यांनी."

बायको कठड्याला धरून थांबली.

"एकोणीस नंबरचं पान तुमच्यावर होतं," ती म्हणाली. "त्यात फजिती तुमची झाली, आणि तुम्ही त्याचीच माफी मागून आलात. 'बरा दिसलो, कोणाला सांगू नये' हे दोनदा वाचलंत. त्याची कोण मागणार?"